मंडळीतला वाद मिटवताना पायऱ्या कोणत्या क्रमाने घ्यायच्या

ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे एका चर्चच्या लोकांत, दोघांचं बिनसतं. आठवडाभरात ते पाळकांच्या (चर्चच्या धर्मसेवकांच्या) कानावर जातं, महिला मंडळात त्याची चर्चा होते, प्रार्थना सभेत ‘एका कुटुंबासाठी’ विनंती मांडली जाते. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कोणीतरी वचन टाकतं आणि ते कोणाला उद्देशून आहे हे सगळ्यांना कळतं. ज्याच्याशी बोलायचं होतं, त्याच्याशी मात्र अजून कोणीच बोललेलं नसतं. बायबलमधलं मत्तय 18:15-17 सगळ्यांना पाठ असतं: आधी एकट्याने जाऊन भेटायचं, मग एक-दोन जणांना सोबत न्यायचं, मग मंडळीला सांगायचं. प्रत्यक्षात आपण शेवटच्या पायरीपासून सुरुवात करतो. एकदा बातमी चारचौघांत फिरली की समोरच्याचं सगळं लक्ष अब्रू वाचवण्यात जातं. आपलं काय चुकलं हे ऐकायला तो मोकळा राहत नाही.

दुसरी चूक याहून गंभीर आहे. जिथे हा क्रम लावायचाच नसतो, तिथे तो आग्रहाने लावला जातो. म्हणून पहिला टप्पा तिथूनच.

## टप्पा 1: वाद कसला आहे ते आधी ठरवा

‘मंडळीत भांडण आहे’ एवढ्यावर काहीही सुरू करू नका. एका नावाखाली वेगवेगळ्या गोष्टी येतात आणि प्रत्येकीची वाट वेगळी असते.

एकाने दुसऱ्याचं मन दुखावलं किंवा नुकसान केलं. अपमान, खोटं बोलणं, शब्द मोडणं, पाठीमागे बोलणं. मत्तय 18 इथे जसंच्या तसं लागू पडतं. पुढचे टप्पे 2 ते 5 यासाठीच आहेत.

कामाबद्दल किंवा निर्णयाबद्दल मतभेद. उपासनेची वेळ, गायनाची पद्धत, इमारत दुरुस्त करायची की नवी बांधायची, मदतनिधी कोणाला द्यायचा. इथे कोणी अपराधी नसतो. अशा मतभेदाला पाप ठरवून कोणाला ‘पश्चात्ताप कर’ असं सांगणं हा अन्याय आहे. यासाठी टप्पा 6 पाहा.

विवेकाच्या गोष्टी. काय खावं, कोणता दिवस पाळावा, असे प्रश्न. रोमकरांस पत्राच्या 14 व्या अध्यायात प्रेषित पौल दोन्ही बाजूंना एकत्र राहायला सांगतो. खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ मानू नये आणि न खाणाऱ्याने खाणाऱ्याला दोषी ठरवू नये. एकमत व्हावं ही अटच तिथे नाही. असा वाद ‘मिटवायला’ बसलात तर तो वाढेल.

गुन्हा. लहान मुलांचं किंवा मोठ्यांचं लैंगिक शोषण, घरातली मारहाण, धमक्या, मंडळीच्या पैशांचा अपहार. इथे मत्तय 18 ची पहिली पायरी वापरायची नाही, आणि हे मला ठामपणे सांगायचं आहे. ज्याच्यावर अत्याचार झाला त्या व्यक्तीला ‘आधी एकटी जाऊन त्याच्याशी बोल’ असं सांगणं म्हणजे तिला पुन्हा त्याच्याच हाती देणं. समेटासाठी दोघांना समोरासमोर बसवू नका. तक्रार खरी की खोटी हे वडील मंडळाने (मंडळीच्या ज्येष्ठ पुढाऱ्यांच्या मंडळाने) आधी तपासायचं आणि मग पोलिसांकडे जायचं, हा क्रमही चुकीचा आहे. अशा तपासात पुरावा नष्ट होतो आणि मुलावर दबाव येतो. मूल धोक्यात असल्याचं कळताच आपल्या देशाच्या कायद्याप्रमाणे योग्य यंत्रणेला कळवा. आरोप असलेल्या माणसाला त्याच दिवसापासून मुलांच्या सेवेतून बाजूला ठेवा. पीडित व्यक्तीच्या पाठीशी तिला विश्वासाचं वाटणारं माणूस उभं करा. कॅथलिक चर्चमध्ये पोप फ्रान्सिस यांच्या 2019 च्या आदेशाने असं शोषण कळल्यावर धर्मगुरूंवर आणि व्रतस्थांवर (व्रत घेतलेल्या भिक्षू-भगिनींवर) चर्चच्या अधिकाऱ्यांना कळवण्याचं बंधन आहे. त्याने देशाच्या कायद्याखालची जबाबदारी कमी होत नाही.

पोलिसांकडे जाऊ नये म्हणून अनेकदा 1 करिंथ 6 पुढे केलं जातं. तिथला विषय विश्वासणाऱ्यांनी एकमेकांवर भरलेल्या ऐहिक व्यवहारांच्या दाव्यांचा आहे. वाईट करणाऱ्याला शासन करण्याचा अधिकार सत्तेकडे आहे, हे त्याच पौलाने रोमकरांस 13 मध्ये लिहिलं आहे.

तपासा: हा वाद वरच्यांपैकी नेमका कुठल्या प्रकारचा, हे एका वाक्यात लिहिता येतं का? दोन प्रकार मिसळले असतील तर ते वेगळे करा. ‘खजिनदार उद्धट बोलले’ आणि ‘हिशेब दोन वर्षं मांडलेला नाही’ या दोन तक्रारी आहेत. पहिली भेटीत मिटू शकते. दुसरीसाठी हिशेबतपासणी लागते, आणि खजिनदारांनी माफी मागितली म्हणून ती रद्द होत नाही.

## टप्पा 2: भेटीला जाण्याआधीची तयारी

घाईत गेलेला माणूस बहुधा रागाचं ओझं उतरवून येतो, बाकी काही साधत नाही. एक-दोन दिवस थांबा. महिनोन्‌महिने मात्र थांबू नका. सूर्य मावळायच्या आत राग सोडावा असं इफिसकरांस 4:26 सांगतं, आणि जुना झालेला राग आठवणीही बदलून टाकतो.

या दिवसांत एक कागद घ्या आणि त्यावर तीन रकाने आखा. पहिल्यात काय घडलं ते, म्हणजे फक्त पाहिलेलं आणि ऐकलेलं. दुसऱ्यात त्यावरून मी काय अर्थ काढला. तिसऱ्यात मला काय हवं आहे. समजा, संडे स्कूलच्या एका शिक्षिकेचं नाव नाताळच्या नाटिकेच्या यादीतून गेलं आहे. तिचा कागद असा होईल:

- घडलं: यादी गुरुवारी ग्रुपवर आली. माझं नाव नव्हतं. त्याआधी मला कोणी काही सांगितलं नाही.
- माझा अर्थ: मला मुद्दाम बाजूला केलं.
- मला हवं: कारण कळावं. पुढे असा बदल करायचा असेल तर आधी मला सांगावं.

बहुतेकांचा दुसरा रकाना पानभर होतो आणि पहिला दोन ओळींत संपतो. हे डोळ्यांना दिसलं की निम्मा राग आपोआप सैल होतो. तिसरा रकाना रिकामा राहत असेल तर अजून भेटीला जाऊ नका. काय हवं आहे हे आपल्यालाच ठाऊक नसेल तर समोरचा काय देणार?

मग त्याच कागदाच्या मागे आपल्या बाजूने काय चुकलं ते लिहा. मत्तय 7:3-5 मध्ये दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ काढू नका असं म्हटलेलं नाही. आधी आपल्या डोळ्यातलं मुसळ काढा, म्हणजे ते काढायला नीट दिसेल, असं म्हटलं आहे. दोन्ही कामं करायची आहेत, क्रम ठरलेला आहे.

शेवटी एक प्रश्न उरतो: हे सोडून देता येईल का? अपराधाची गय करणं माणसाला भूषण आहे, असं नीतिसूत्रे 19:11 सांगतं. मी याची कसोटी अशी लावतो. ही गोष्ट कुणालाही न सांगता राहता येईल का, आणि पुढच्या रविवारी त्या व्यक्तीशी मोकळेपणाने बोलता येईल का? दोन्हींचं उत्तर ‘हो’ असेल तर सोडून द्या आणि खरोखर सोडा. एकाचंही ‘नाही’ असेल तर तुम्ही सोडलेलं नाही, फक्त दाबून ठेवलं आहे. मग भेटच हवी.

सावधान: या टप्प्यात कोणाचा सल्ला घ्यायचाच असेल तर एकाच समंजस माणसाचा घ्या, तोही शक्यतो नाव न सांगता. प्रार्थना सभेत तपशील मांडू नका. ‘प्रार्थनेसाठी सांगते’ अशी सुरुवात केली तरी ती चुगलीच राहते.

## टप्पा 3: दोघांची एकांतातली भेट

सगळ्यात जास्त वेळा हाच टप्पा गाळला जातो आणि सगळ्यात जास्त वाद इथेच मिटू शकतात, म्हणून थोडं सविस्तर.

वेळ मागताना विषय सांगा, आरोप मांडू नका. ‘मला तुमच्याशी बोलायचंय’ एवढाच निरोप पाठवला तर समोरचा दोन दिवस धास्तीत काढतो. ‘नाटिकेच्या यादीबद्दल थोडं बोलायचं होतं, शनिवारी अर्धा-पाऊण तास मिळेल का?’ हे पुरेसं आहे. उपासना संपल्यावर दारात गाठू नका, तिथे कान फार असतात. प्रभुभोजनाच्या (उपासनेतल्या भाकर आणि द्राक्षारसाच्या विधीच्या) आधी पाच मिनिटांत उरकायचा प्रयत्नही नको. अर्पण वेदीपुढे तसंच ठेवून आधी भावाशी समेट कर, असं मत्तय 5:23-24 सांगतं. त्याचा अर्थ समेटाला अर्पणाआधी जागा द्यायची असा आहे. घाईत हात मिळवून मोकळं व्हायचं असा नाही.

मेसेजवर वाद मिटवू नका. लिहिलेल्या शब्दाला आवाज नसतो, आणि त्याचा स्क्रीनशॉट निघतो. माणूस दूर असेल तर फोन करा.

पहिलं वाक्य घरी ठरवून जा. वरच्या उदाहरणातली शिक्षिका वयाने मोठ्या असलेल्या प्रमुख बाईंना म्हणू शकते:

‘ताई, यादीत माझं नाव नाही हे मला ग्रुपवर कळलं. आधी सांगितलं असतं तर बरं वाटलं असतं. तेव्हापासून माझ्या मनात आहे, म्हणून तुमच्याकडेच आले. काय झालं ते मला तुमच्याकडून ऐकायचंय.’

आणि हे म्हणू नये:

‘ताई, तुम्ही नेहमी आपल्याच माणसांना पुढे करता. मी एकटीच म्हणत नाही, सगळ्यांचं हेच म्हणणं आहे.’

दुसऱ्या बोलण्यात ‘नेहमी’ आणि ‘सगळे’ हे दोन शब्द आले आहेत. ‘नेहमी’वर ताई लगेच एक अपवाद काढून दाखवतील आणि मूळ विषय बाजूला राहील. ‘सगळे’ म्हटल्यावर त्या ‘कोण कोण?’ विचारतील, आणि मग आणखी चार घरं या वादात ओढली जातील.

ऐकणं हा या भेटीचा मोठा भाग आहे. ऐकून घेण्याआधी उत्तर देणं मूर्खपणाचं आणि लाजिरवाणं आहे, असं नीतिसूत्रे 18:13 म्हणतं. समोरचा बोलून झाला की त्याचं म्हणणं आपल्या शब्दांत एकदा परत सांगा: ‘म्हणजे मी दोन सरावांना नव्हते, म्हणून मला रस नाही असं तुम्हाला वाटलं, बरोबर?’ त्याने ‘बरोबर’ म्हटल्यावरच आपलं बोला. पुष्कळदा इथे पहिल्यांदाच काहीतरी नवं कळतं, आणि दुसऱ्या रकान्यातला अर्थ चुकीचा होता हेही लक्षात येतं.

एका भेटीत एकच विषय घ्या. मागची उणीदुणी काढू नका. वचनं पाठ असतील तरी ती समोरच्यावर रोखू नका. ती आधी स्वतःला लागू करून या.

तपासा: भेटीनंतर नेमकं काय ठरलं, हे दोघांनी सारख्याच शब्दांत सांगितलं का? मिटलं असेल तर विषय तिथेच संपतो. ज्यांना तुम्ही आधी सांगितलं होतं, त्यांना मिटल्याचंही सांगा. हे काम जवळजवळ सगळेच विसरतात आणि मिटलेला वाद लोकांच्या मनात वर्षानुवर्षं तसाच राहतो.

मिटलं नाही तर लगेच पुढच्या पायरीवर उडी मारू नका. काही दिवस जाऊ द्या आणि पुन्हा एकदा जा. पहिल्या भेटीत माणूस बचावात असतो. त्याच माणसाने मधल्या काळात एकट्याने विचार केलेला असू शकतो.

सावधान: समोरच्याच्या हातात तुमची नोकरी, घर किंवा सेवा असेल, किंवा त्याची भीती वाटत असेल, तर एकट्याने जाण्याचं बंधन स्वतःवर घालू नका. थेट टप्पा 4 पासून सुरू करा.

## टप्पा 4: एक-दोन जण सोबत

इथली नेहमीची चूक म्हणजे आपल्या बाजूची दोन माणसं घेऊन जाणं. दोन-तीन साक्षीदारांचा नियम अनुवाद 19:15 मधून येतो, आणि एकाच माणसाच्या शब्दावर कोणालाही दोषी ठरवू नये हा त्याचा हेतू आहे. म्हणजे हे साक्षीदार आरोप असलेल्याचंही संरक्षण करतात. त्यांनी दोन्हीकडचं ऐकायचं आणि दोघांनाही चूक दाखवायची तयारी ठेवायची.

माणूस निवडताना तीन गोष्टी बघा. दोघांनाही तो मान्य हवा. त्याचं नातं, पैसा किंवा पद या वादात अडकलेलं नको. आणि ऐकलेलं पोटात ठेवण्याची त्याची ख्याती हवी. पाळक हेच आपोआप मध्यस्थ, असं गृहीत धरू नका. त्यांनी त्या विषयात आधीच काही निर्णय दिला असेल तर ते बाजूचे पक्षकार आहेत. मध्यस्थी करत असतील तर त्या काळात त्या विषयावर प्रवचन देऊ नये. व्यासपीठावरून दिलेल्या टोल्याला खाली बसलेल्या माणसाला उत्तर देता येत नाही.

बैठकीचा क्रम असा ठेवा:

1. मध्यस्थ आधी दोघांना वेगवेगळे भेटतो. पहिल्याची बाजू खरी वाटते, मग दुसरा येऊन तिची तपासणी करतो, हे नीतिसूत्रे 18:17 त्याने लक्षात ठेवावं. पहिल्या भेटीनंतर कोणतंही मत बनवू नये.
2. एकत्र बसल्यावर नियम सांगायचे: मध्ये बोलायचं नाही, रेकॉर्डिंग करायचं नाही, इथलं बाहेर न्यायचं नाही. गुप्ततेची मर्यादाही आधीच सांगायची: कोणाच्या जिवाला किंवा मुलाला धोका असल्याचं कळलं तर ते गुप्त राहणार नाही.
3. एकेकाने न अडवता आपलं सांगायचं. मध्यस्थाने ते परत सांगायचं.
4. मुद्द्यांची यादी करायची. सोप्या मुद्द्यापासून सुरुवात करायची. एक गोष्ट मिटली की दुसरीसाठी बळ येतं.
5. प्रत्येक मुद्द्यावर ‘काय हवं?’ यानंतर ‘का हवं?’ हेही विचारायचं. ‘शनिवारी सभागृह आम्हालाच हवं’ यामागे ‘कामावरून येणारी मुलं त्याच दिवशी येऊ शकतात’ हे कारण असतं, आणि कारण कळल्यावरच दुसरी वाट सुचते.
6. जे ठरलं ते तिथल्या तिथे लिहायचं.

मध्यस्थाने निवाडा द्यायचा नाही. ‘माझं ऐका आणि हात मिळवा’ असं म्हटलं की दोघं वयाचा मान राखून हात मिळवतात आणि वाद आत सरकतो. आवाज चढले तर दहा मिनिटं थांबा. दीड-दोन तासांच्या पुढे बैठक ओढू नका, दुसरा दिवस ठरवा. प्रार्थनेने सुरुवात जरूर करा, पण एखादा मुद्दा अडला म्हणून तो टाळण्यासाठी मध्येच प्रार्थना घेऊ नका.

## टप्पा 5: मंडळीच्या व्यवस्थेकडे

वरच्या दोन पायऱ्या प्रामाणिकपणे झाल्यावरच इथे या. ‘मंडळीला सांग’ म्हणजे रविवारी उभं राहून जाहीर करणं असा अर्थ बरेच जण घेतात. मंडळीत निर्णय घेण्याची जी रीत आहे तिच्याकडे जायचं असतं, आणि ती सगळीकडे सारखी नसते. प्रेस्बिटेरियन रचनेत स्थानिक वडिलांची सभा, तिच्यावर प्रेस्बिटरी, म्हणजे अनेक मंडळ्यांची वरची सभा. बिशप असलेल्या मंडळ्यांत पाळकांवर बिशपांकडे दाद मागता येते. बाप्टिस्ट आणि तत्सम मंडळ्यांत शेवटचा शब्द सभासदांच्या सभेचा. कॅथलिक चर्चमध्ये 1983 च्या धर्मनियमसंहितेत कलम 1733 हेच सुचवतं की, अधिकाऱ्याच्या आदेशाने कोणी दुखावलं असेल तर आधी समंजस मध्यस्थांच्या मदतीने तोडगा शोधावा. तरीही वर दाद मागायची असेल तर मुदत फार कमी असते. आदेश कळल्यापासून 10 दिवसांत तो देणाऱ्याकडेच लेखी फेरविचार मागायचा, आणि नकार आल्यावर वरिष्ठांकडे जायला 15 दिवस. चर्चा करत बसण्यात ही मुदत निघून जाते, म्हणून दोन्ही कामं एकाच वेळी चालू ठेवा.

स्वतंत्र मंडळ्यांना वरचा कोणी नसतो. तिथे शांततेच्या काळातच मंडळीच्या घटनेत (नियमावलीत) लिहून ठेवा की वाद झाला तर बाहेरच्या कोणत्या दोन-तीन व्यक्तींकडे जायचं. भांडण पेटल्यावर त्या नावांवर एकमत होत नाही.

तक्रार लेखी द्या. एक-दोन पानांत काय घडलं, कधी, कोण हजर होतं, टप्पा 3 आणि 4 मध्ये काय झालं आणि आता काय अपेक्षा आहे, एवढंच असावं. सहीशिवाय आलेल्या पत्रावर मंडळाने कोणाला दोषी ठरवू नये. गुन्ह्याची माहिती असेल तर मात्र ती निनावी असली तरी बाजूला टाकायची नाही.

मंडळात बसलेल्यांपैकी कोणाचं नातं किंवा हितसंबंध असेल तर त्याने उठून बाहेर जावं आणि तशी नोंद इतिवृत्तात व्हावी. ज्याच्यावर तक्रार आहे त्याला ती वाचायला द्यावी, उत्तराला वेळ द्यावा.

तक्रार पाळकांवर किंवा वडिलांवर असेल तर 1 तीमथ्य 5:19-21 पूर्ण वाचा. दोन-तीन साक्षीदारांशिवाय आरोप दाखल करून घेऊ नये, हे पहिलं वचन सगळ्यांना सांगितलं जातं. पाप करत राहणाऱ्यांचा दोष सर्वांसमक्ष दाखवावा, आणि कोणाचाही पक्षपात करू नये, ही पुढची दोन वचनं गाळली जातात. साक्ष म्हणजे माणूसच हवा असं नाही, पत्रं आणि हिशेबाची कागदपत्रंही साक्ष आहेत. शोषणाच्या तक्रारीत ‘दुसरा साक्षीदार कुठे आहे?’ असं म्हणून दार लावून घेणं हा या वचनाचा गैरवापर आहे.

शिस्तीची कारवाई करायची झाली तर चार गोष्टी लिहून द्या: कशासाठी, कोणत्या जबाबदारीतून दूर, किती काळ, आणि परत येण्यासाठी काय व्हायला हवं. शेवटची ओळ नसेल तर ती कारवाई शिक्षा होऊन बसते. करिंथच्या मंडळीने एका माणसाला दिलेली शिक्षा पुरे झाली, आता त्याला क्षमा करून धीर द्या, नाहीतर तो दुःखात बुडून जाईल, असं पौलाला 2 करिंथ 2:6-8 मध्ये मुद्दाम लिहावं लागलं.

तपासा: मंडळीला जे सांगायचं त्यात नावं आणि तपशील गरजेपुरतेच आहेत का? जितक्यांना चूक माहीत, तितक्यांपुरतंच निवेदन ठेवा.

## टप्पा 6: सगळी मंडळीच दोन गटांत विभागली असेल तर

इथे बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकातले दोन अध्याय उपयोगी आहेत.

सहाव्या अध्यायात ग्रीक बोलणाऱ्या यहूद्यांची तक्रार होती की रोजच्या वाटपात त्यांच्या विधवांकडे दुर्लक्ष होतं. प्रेषितांनी तक्रार करणाऱ्यांना कुरकुर करणारे म्हणून गप्प केलं नाही. त्यांनी सगळ्यांना बोलावलं, निवडीच्या अटी सांगितल्या आणि माणसं निवडण्याचं काम मंडळीवर सोपवलं. निवडलेल्या सातही जणांची नावं ग्रीक आहेत. ज्या बाजूला अन्याय वाटत होता तिच्यातल्या माणसांच्या हाती व्यवस्था गेल्याचं त्यातून दिसतं. आपल्याकडे बहुधा उलट होतं. तक्रार आली की समिती नेमतात आणि तीत जुनीच माणसं बसतात.

पंधराव्या अध्यायात, यहूदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांनी मोशेचे नियम पाळावेत का या प्रश्नावर यरुशलेमला बैठक होते. तिथे आधी पुष्कळ वादविवाद होऊ दिला आहे. मग पेत्र बोलतो, मग बर्णबा आणि पौल घडलेलं सांगतात, सगळे ऐकून घेतात, आणि शेवटी याकोब निष्कर्ष मांडतो. निर्णय पत्रात लिहिला जातो आणि पत्रासोबत यहूदा व सीला यांना पाठवलं जातं, म्हणजे लिहिलेलं ते तोंडीही सांगतील.

यावरून सभेचा क्रम:

1. माहितीपत्रक आठवडाभर आधी सगळ्यांना द्या. दोन्ही बाजूंनी ते वाचून ‘आमचं म्हणणं नीट मांडलंय’ असं म्हटलेलं असावं.
2. पहिली सभा फक्त ऐकण्यासाठी. त्या दिवशी मतदान नाही, आणि हे आधीच जाहीर करा.
3. लहान गटांत बोलणं करा. मोठ्या सभेत तेच पाच-सहा जण बोलतात.
4. दुसऱ्या सभेत पर्याय मांडा आणि निर्णय घ्या. किती बहुमत लागेल हे घटनेत बघून सभेआधी सांगा. निकाल दिसू लागल्यावर ते ठरवू नका.
5. निर्णय कारणांसह लिहा. ज्यांचं म्हणणं मान्य झालं नाही, त्यांच्या घरी दोघांनी जाऊन तो समजावून सांगा.

निसटत्या बहुमताने घेतलेला निर्णय घटनेप्रमाणे वैध असेल, पण तो लगेच अमलात आणण्याची सक्ती नसेल तर मी थोडा थांबलो असतो. जवळजवळ निम्मी माणसं सोबत नसताना सुरू केलेलं काम फार जड जातं.

## टप्पा 7: माफी, भरपाई आणि लेखी समझोता

‘माझं काही चुकलं असेल तर माफ करा’ ही माफी नाही. त्यातल्या ‘असेल तर’ने सगळं परत घेतलेलं असतं. नीट माफीत काय केलं ते नाव घेऊन सांगितलेलं असतं, त्याने समोरच्याला काय सोसावं लागलं हे मान्य केलेलं असतं आणि पुढे काय बदलणार ते असतं. कारणं जोडलेली नसतात. ‘मी तुम्हाला न विचारता यादी ग्रुपवर टाकली. सगळ्यांसमोर तुम्हाला कमीपणा आला. माझं चुकलं. पुढच्या वेळी आधी तुमच्याशी बोलेन.’ चूक चारचौघांत झाली असेल तर माफीही त्यांच्यासमोर हवी.

नुकसान पैशांचं असेल तर पैसे परत करायचे. जकातदार जक्कयाने (लूक 19:8) फसवून घेतलेल्याच्या चौपट परत देण्याचं आपणहून सांगितलं. नुसत्या अश्रूंवर त्याचा विषय संपला नाही.

दुखावलेल्या व्यक्तीकडून तिथल्या तिथे ‘माफ केलं’ वदवून घेऊ नका. क्षमा आणि विश्वास यांत फरक आहे. क्षमा आज देता येते, विश्वास वागणुकीने हळूहळू परत येतो. अपहार केलेल्याला क्षमा केली म्हणून तिजोरीची किल्ली पुन्हा त्याच्याकडे द्यावी लागत नाही.

समझोता मोजता येईल असा लिहा. ‘यापुढे प्रेमाने वागू’ असं लिहिलं तर महिन्याभरात दोघंही म्हणतील की मोडला तो समोरच्याने. त्याऐवजी: ‘शनिवारी 5 ते 6.30 सभागृह गायकमंडळाकडे, त्यानंतर तरुण संघाकडे. बदल हवा असल्यास दोन दिवस आधी एकमेकांच्या प्रमुखांना सांगायचं. वेळेवर जागा रिकामी झाली नाही तर ग्रुपवर न लिहिता फोन करायचा. तीन महिन्यांनी मध्यस्थांसोबत पुन्हा बसायचं.’ खाली दोघांच्या सह्या, तारीख, आणि दोघांकडे एकेक प्रत.

## टप्पा 8: त्यानंतरचे काही महिने

पुन्हा बसायची तारीख पाळा, सगळं सुरळीत असेल तरीही. मध्यस्थाने मधल्या काळात दोघांना एकदा फोन करावा. लगेच दोघांना एकाच कामात जुंपून ‘बघा, कसे एक झाले’ असं दाखवू नका. मंडळीतल्या इतरांनी विचारलं तर दोघांनी ठरवलेलं एकच वाक्य सांगावं: ‘आम्ही बोललो, मिटलं आहे.’ पुढे काही नाही.

कधीकधी सगळं करूनही मिटत नाही. रोमकरांस 12:18 मध्येही ‘शक्य असेल तर, तुमच्याकडून होईल तेवढं’ अशी मर्यादा आहे. सहकारी मार्काला सोबत न्यायचं की नाही यावरून पौल आणि बर्णबा यांचा तीव्र मतभेद झाला आणि ते वेगळे झाले (प्रेषितांची कृत्ये 15:36-41). दोघांचीही सेवा चालू राहिली, आणि पुढे 2 तीमथ्य 4:11 मध्ये पौलच मार्काला बोलावून घ्यायला सांगतो, तो सेवेसाठी उपयोगी आहे असं लिहितो. वेगळं होताना त्यांनी एकमेकांविरुद्ध पत्रं लिहिल्याची नोंद नाही.

एखादं कुटुंब मंडळी सोडून जात असेल तर पुढच्या गोष्टी त्याच आठवड्यात करा. सभासदत्वाचा आणि बाप्तिस्म्याचा दाखला अडवून ठेवू नका. वर्गणी बाकी असली तरी नाही. दाखल्यात फक्त खरी माहिती लिहा, वादाबद्दलची टीप नको. अपवाद एकच: त्या व्यक्तीपासून मुलांना धोका असेल तर नव्या मंडळीच्या जबाबदार व्यक्तीला ते स्पष्ट कळवायलाच हवं. जाणाऱ्यांनीही आपल्यासोबत आणखी घरं ओढून नेऊ नयेत. त्यांच्याकडच्या किल्ल्या, हिशेबाच्या वह्या आणि ग्रुपचे अ‍ॅडमिन हक्क हातोहात सोपवून पावती घ्यावी. वादाचे कागद सीलबंद पाकिटात ठेवा, ते कोण उघडू शकतं हे पाकिटावर लिहा, आणि नवीन पाळक आले की पाकीट त्यांच्याकडे सोपवल्याची नोंद इतिवृत्तात करा.